शिरेतून दिले जाणारे रक्तदाबाचे औषध : सावकाशीचे मोल

मॉनिटरवर रक्तदाब २२०/१३० दिसत असताना तो तातडीने १२०/८० वर का आणला जात नाही, असा प्रश्न अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले आप्त वारंवार विचारतात. त्यामागील काळजी रास्त आहे. म्हणून वैद्यकीय सहकाऱ्यांकडून समजून घेतलेली माहिती येथे सादर करीत आहोत.

रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला असल्यास मेंदू, हृदय व मूत्रपिंड यांच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावतात. तो एकाएकी उतरविल्यास या अवयवांना पुरेसे रक्त पोहोचत नाही व पक्षाघाताचाही धोका संभवतो. त्यामुळे पहिल्या तासात रक्तदाब साधारणतः २५ टक्क्यांहून अधिक उतरवीत नाहीत. पुढील २ ते ६ तासांत तो १६०/१०० च्या आसपास आणला जातो. महारोहिणीचा आतील पदर फाटणे यांसारख्या काही अवस्थांत मात्र त्वरा आवश्यक असते. तो निर्णय डॉक्टरांचा. आकडा मोठा असूनही कोणत्याही अवयवास तात्काळ इजा नसेल, तर बहुधा गोळ्यांनीच उपचार होतात.

लॅबेटॅलॉल व नायट्रोग्लिसरीन ही औषधे रक्तदाब उतरवितात, तर नॉरॲड्रिनॅलिन खालावलेला दाब वर आणते. नॉरॲड्रिनॅलिनचा प्रभाव काही मिनिटांतच ओसरतो. प्रवाह खंडित झाल्यास दाब कोसळतो. ते शिरेबाहेर झिरपल्यास तेथील त्वचा निकामी होऊ शकते. म्हणूनच अशी औषधे सिरिंज पंपाद्वारे, ताशी ठरावीक मिलिलिटर या मोजमापाने दिली जातात. रुग्णाचे नाव, औषध, मात्रा व पंपाची गती दोन जणांनी स्वतंत्रपणे पडताळणे, सिरिंज व नळी यांवर औषधाचे नाव लिहिणे आणि सुरुवातीस दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजून नोंदविणे, ही या उपचाराची शिस्त आहे.

हिशेबाच्या दृष्टीने पाहता औषधाची कुपी हा या उपचारातील लहानसा खर्च. पंपाची नियमित तपासणी, वीज गेल्यास तो चालू ठेवणारी बॅटरी, परिचारिकांचे प्रशिक्षण व रात्रपाळीतील पुरेसे मनुष्यबळ यांवर खरा खर्च होतो. पंपावर देणगीदाराचे नाव कोरता येते. रात्री तीन वाजता घेतलेल्या नोंदीवर ते कोरता येत नाही. तथापि रुग्णाची सुरक्षितता त्या नोंदीवरच अवलंबून असते. देखभाल व प्रशिक्षण यांसाठी दिलेली देणगी यंत्राच्या देणगीइतकीच मोलाची आहे, हे विश्वस्त व दात्यांनी कृपया ध्यानी घ्यावे.

रुग्णांच्या आप्तांना नम्र विनंती की, घरी चालू असलेल्या गोळ्यांची यादी व दम्याचा इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. लॅबेटॅलॉलसारखे औषध दम्याच्या रुग्णास अपायकारक ठरू शकते. घरच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. पंपाचे बटण दाबू नये, अलार्म बंद करू नये व रुग्णास स्वतःहून उठवून बसवू नये. सुईच्या जागी जळजळ, सूज वा पांढुरकेपणा दिसल्यास परिचारिकेस तत्काळ कळवावे.

उपचार सावकाश चाललेला दिसला, तरी त्यामागे अखंड दक्षता असते. ती दक्षता आपल्या सर्वांच्या सहकार्यावर उभी आहे.