गळ्यातील हवेची गाठ

गाठ म्हटली की मनात पहिली शंका कर्करोगाची येते. परंतु गळ्यातील एक गाठ अशीही आहे की, तिच्यात मांस नाही, पाणी नाही. आहे ती केवळ हवा! ही दुर्मीळ गाठ म्हणजे ‘लॅरिंगोसील’. ती कर्करोगाची नव्हे, साधी आहे. पण ‘साधी’ म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगी नव्हे, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

स्वरयंत्रात स्वरतंतूंच्या वर दोन्ही बाजूंस एकेक कोनाडा असतो व त्यातून वर गेलेली एक चिमुकली पिशवी. तिच्यातील स्रावाने स्वरतंतू ओले राहतात. ही पिशवी हवेने फुगली म्हणजे लॅरिंगोसील झाले. नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याने इजिप्तमध्ये मिनारावरून अजान देणाऱ्यांच्या गळ्यांवर पाहिलेल्या अशा गाठींचे वर्णन १८२९ मध्ये केले. काच फुंकणारे, तुतारी वाजविणारे यांचीही उदाहरणे देतात. तथापि असा व्यवसाय नसलेल्यांनाही ती होते.

गाठ आतच राहिली तर आवाज घोगरा होतो, कधी श्वास अडतो. स्वरयंत्राच्या वरचा पडदा ओलांडून ती बाहेर आली तर मानेवर मऊ फुगवटा दिसतो; तो खोकताना वाढतो, दाबला असता ओसरतो.

निदानासाठी दुर्बिणीने स्वरयंत्र पाहतात. सीटी स्कॅनमध्ये हवा काळी दिसते आणि गाठ किती आत, किती बाहेर, हेही कळते. मग साध्या गाठीसाठी एवढा खटाटोप कशाला? कारण पिशवीच्या तोंडाशी दडलेल्या कर्करोगानेही ती फुगू शकते. शंका आल्यास तेथील तुकडा काढून तपासावा लागतो. शिवाय गाठीत पू झाला तर श्वासमार्ग एकाएकी बंद होण्याचे भय असते.

लहान, त्रास न देणारी गाठ तपासून नुसती नजरेखाली ठेवता येते. त्रास देणारी आतली गाठ तोंडावाटे, सूक्ष्मदर्शकाखाली लेसरने काढतात. बाहेर आलेल्या गाठीसाठी बहुधा मानेवर छेद घेऊन पिशवी मुळापर्यंत सोडवितात. याच वाटेने स्वरयंत्राला संवेदना देणारी नस आत जाते. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ती पहारा करते. तिला जपणे हेच शल्यवैद्याचे खरे कसब.

म्हणून आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला असेल, तर काढे आणि गुळण्या यांवर विसंबू नये, घसा दाखवावा. श्वास घेताना घरघर होऊ लागली, तर मात्र त्याच क्षणी इस्पितळ गाठावे. गाठ साधी आहे, हे तपासणीने ठरते. आपल्या अंदाजाने नव्हे.