सांगतेच्या मैफलीतला पाहुणा

मुंबईस नरिमन पॉइंटवरील ‘एनसीपीए’ या संस्थेत खुशरू सनटूक आणि कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ साली उभा केलेला ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद वर्षातून साधारणतः दोन हंगाम साजरे करतो. आणि हंगामाची सांगता नामांकित पाहुण्या एकलवादकास पाचारण करून भारदस्त कृतींनी करावी, हा जो अशा वाद्यवृंदांचा जगभरचा शिरस्ता, त्याचे मर्म जाणण्यासाठी चिखली-मेहकरच्या रसिकास परदेशी ग्रंथ धुंडाळण्याचे कारण नाही.

आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताहात गावचे टाळकरी, मृदंगवादक आणि पेटीवाले एकमेकांच्या लयीत मुरलेले असतात आणि काल्याच्या कीर्तनास बाहेरगावचे नामवंत महाराज येतात. पण निरूपण करता करता महाराजांनी अभंगाचा चरण सोडताच मागे उभ्या टाळकऱ्यांनी तो नेमक्या स्वरात उचलला नाही, तर महाराजांची विद्वत्ता कितीही थोर असो, कीर्तन रंगत नाही. असा पाहुणा वृंदासह जो वाजवितो, त्या ‘कॉन्चेर्टो’ या रचनाप्रकाराचा प्राणही पाहुणा आणि वृंद यांच्या याच देवघेवीत आहे.

बहुधा तीन भागांच्या या रचनेत एकलवादक अग्रभागी असतो, वृंदातील प्रत्येकासमोर स्वरलिपीचा कागद असतो आणि सर्वांवर संचालकाचा अंमल चालतो. संगीतरचनाकार मेंडेल्सोनचा १८४५ साली लाइपझिग येथे प्रथम सादर झालेला व्हायोलिन कॉन्चेर्टो घ्या. त्याच्या पहिल्या भागाच्या मध्यावर वृंद स्तब्ध होतो आणि पाहुणा एकटाच वाजवू लागतो. गज चारी तारांवरून उसळत्या गतीने फिरू लागतो, आणि ऐकणाऱ्यास वाटते की आता मुखत्यारी सर्वस्वी त्याचीच, तोच वृंद हलकेच मूळ स्वराकृती घेऊन परततो, परंतु पाहुणा मात्र थांबत नाही, तर तीच उसळती गती सांभाळीत क्षणभर वृंदाचा साथीदार होतो. ज्यास एवढे एक स्थळ कानांनी पकडता आले, त्याला कॉन्चेर्टो कळला, असे मी निःशंकपणे म्हणेन. हा कॉन्चेर्टो प्रथम वाजविणारा फर्डिनांड डेव्हिड हा त्या वेळी साथीस असलेल्या लाइपझिगच्या वृंदाचाच प्रमुख व्हायोलिनवादक होता, म्हणजे पाहुणा वृंदातलाच होता, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या कलेची मुळे आपल्या भूमीतही रुजलेली आहेत. गोव्याच्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्यापाशी संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारलेल्या वृंदरचना सादर केल्या आणि त्यांत लता मंगेशकर व मन्ना डे यांस एकलगायक म्हणून उभे केले. हा उद्योग त्यांच्या हयातीत फोफावला नाही, याचा खेद वाटतो. पुढे २०१५ साली झाकिर हुसेन यांनी तबला आणि वाद्यवृंद यांसाठी रचलेला ‘पेशकार’ हा कॉन्चेर्टो मुंबईतच प्रथम सादर झाला. घराण्यात मुखोद्गत चालत आलेली विद्या आणि लिहिलेल्या बरहुकूम वाजविणारा वृंद यांचा असा समक्ष मेळ मला फार मोलाचा वाटतो.

विदर्भ एक्स्प्रेसने रात्री शेगावास वा मलकापुरास बसलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो, तेव्हा मुंबईचा हा वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकणे आपल्यास अशक्य नाही. सभागृहात मात्र वेळेपूर्वी जावे, म्हणजे ओबो या सुषिर वाद्याच्या एका लांब स्वराशी साऱ्या वृंदाने आपापली वाद्ये जुळविण्याचा विधी ऐकावयास मिळतो. आणि दोन भागांमधील विरामात टाळ्या न वाजविण्याचा तेथील दंडक पाळावा, कारण मेंडेल्सोनने तर पहिल्या भागाच्या अखेरीस ‘बसून’ या सुषिर वाद्याचा एक स्वर धरून ठेवून त्यातूनच दुसरा भाग सुरू केला आहे, आणि टाळ्यांच्या गजरात तो स्वर ऐकू येत नाही.