तुमच्या डीएनएमध्ये ६० एमबी व्हायरस आहे, आणि तो डिलीट करून चालणार नाही

आधी एक छोटं गणित करू. माणसाचा जीनोम म्हणजे आईकडून किंवा वडिलांकडून येणारा डीएनएचा एक पूर्ण संच. ही साधारण ३०० कोटी अक्षरांची फाइल आहे आणि ती ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेली आहे. पर्याय चारच असले की एका अक्षराला २ बिट पुरतात. म्हणजे एकूण ६०० कोटी बिट, अर्थात साधारण ७५० एमबी. मोबाइलमध्ये एक सिनेमा बसतो तेवढी जागा.

यात प्रोटीन बनवण्याचा कोड किती? फक्त दीड टक्क्याच्या आसपास, म्हणजे जेमतेम ११ एमबी. आणि जुन्या व्हायरसचे अवशेष? सुमारे ८ टक्के, म्हणजे ६० एमबी! २००१ साली मानवी जीनोमचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, तेव्हा हा आकडा जगासमोर आला.

हा व्हायरस तुम्हाला कुणाच्या खोकल्यातून लागलेला नाही. तो आई-वडिलांकडून आलाय, त्यांना त्यांच्या आई-वडिलांकडून आला, आणि असं मागे जात राहिलं तर माणूस हा प्राणीच अस्तित्वात नव्हता तिथपर्यंत आपण पोचतो.

आत शिरला कसा?

सर्दी-फ्लूचा व्हायरस पेशीत शिरतो, स्वतःच्या कॉपी काढतो आणि निघून जातो. आपल्या डीएनएला तो हात लावत नाही. रेट्रोव्हायरस नावाचं कुटुंब मात्र वेगळं आहे. त्यांचा कोड आरएनएमध्ये असतो. पेशीत शिरल्यावर ते आरएनएवरून डीएनए बनवतात आणि तो डीएनए आपल्या डीएनएमध्ये पेस्ट करतात. उलट्या दिशेने कॉपी करणारं हे एन्झाइम १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी वेगवेगळं काम करत शोधलं. १९७५ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचाही वाटा होता.

समजा, हे पेस्ट त्वचेच्या पेशीत झालं. ती पेशी मेली की विषय संपला. पण चुकून ते अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार करणाऱ्या पेशीत झालं तर? मग त्यातून जन्मणाऱ्या बाळाच्या प्रत्येक पेशीत तो कोड जातो, आणि पुढे त्याच्या मुलाबाळांतही जाऊ शकतो. असे बरेचसे कोड काही पिढ्यांत नाहीसे होतात. काही मात्र पसरत पसरत सगळ्यांमध्ये पोचतात. आपल्यात असे काही लाख तुकडे साठलेत.

तारीख कशी कळते?

फाइलवर टाइमस्टॅम्प असतो, तसा इथेही एक आहे. रेट्रोव्हायरस डीएनएमध्ये बसतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना एकच मजकूर असतो, अक्षर न अक्षर सारखा. नंतर लाखो वर्षांत दोन्ही टोकांत आपापल्या चुका साठत जातात. दोन टोकांत फरक जितका जास्त, तितका तो व्हायरस जुना.

दुसरा पुरावा जागेचा. एखादा तुकडा माणसात आणि चिंपांझीत अगदी त्याच ठिकाणी सापडला, तर तो दोघांच्या सामाईक पूर्वजात शिरला असणार. ३०० कोटी अक्षरांत तेच ठिकाण दोनदा योगायोगाने सापडणं जवळपास अशक्य, आणि इथे तर असे हजारो तुकडे जुळतात.

मग आपण आजारी का पडत नाही?

कारण बहुतेक कोड मोडलेला आहे. मधलीच अक्षरं बदललीत, कुठे अख्खा मधला भाग गळून फक्त टोक उरलंय. जे थोडंफार चालू शकेल, त्यावर पेशी रासायनिक खुणा करून ते बंद ठेवते. आम्ही प्रोग्रॅमर नको असलेला कोड कमेंट करून ठेवतो ना, साधारण तसंच.

२००६ मध्ये फ्रान्समधल्या तिएरी हाइडमान यांच्या टीमने या मोडलेल्या कोडचं बॅकअप रिकव्हरीसारखं काम केलं. एकाच व्हायरसच्या वेगवेगळ्या मोडक्या कॉपी शेजारी ठेवल्या, प्रत्येक जागी बहुसंख्य कॉपींत असलेलं अक्षर घेतलं आणि मूळ व्हायरस पुन्हा उभा केला. प्रयोगशाळेत तो पेशींना संसर्ग करू शकला, जरी फार कमी ताकदीने. त्याचं नाव ठेवलं फिनिक्स.

पण डिलीट का नाही करायचं?

आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी हॉस्पिटलमध्ये रात्रंदिवस बाळंतपणं होत असतात. बाळ बाहेर आलं की डॉक्टर थांबतात ते वार पडण्यासाठी. वार म्हणजे प्लॅसेंटा. नऊ महिने बाळाचा ऑक्सिजन, अन्न, सगळं तिच्यातूनच जातं. आईच्या रक्ताला लागून असलेला तिचा थर विचित्र असतो. तिथे पेशींच्या मधल्या भिंती नसतात. असंख्य पेशी एकमेकींत विरघळून एकच सलग पडदा बनतो.

या पेशींना जोडणाऱ्या प्रोटीनचं नाव सिन्सिटिन. आणि त्याचा जीन व्हायरसचा आहे! व्हायरसला पेशीत शिरताना स्वतःचं आवरण पेशीच्या आवरणाशी जोडावं लागतं. त्यासाठी त्याच्याकडे जे प्रोटीन होतं, तेच आपल्या पूर्वजांच्या शरीराने वारेत पेशी जोडायला वापरलं. २००० साली हे उघड झालं. हा जीन आपल्या सातव्या क्रोमोसोमवर आहे आणि तो देणारा व्हायरस अडीच कोटी वर्षांपूर्वीच आत आलेला होता. असाच दुसरा जीन, सिन्सिटिन-२, त्याहूनही जुना आहे.

उंदरातही असेच जीन आहेत. २००९ मध्ये त्यातला एक बंद करून पाहिला, तर पिल्लं पोटातच मेली.

गंमत म्हणजे उंदराचे हे जीन वेगळ्या व्हायरसमधून आलेत. गोठ्यात गाय व्याली की आपण जार पडायची वाट बघतो. त्या जारेतही सिन्सिटिन आहे, आणि ते तिसऱ्याच व्हायरसचं. वेगवेगळ्या प्राण्यांनी वेगवेगळ्या काळात वेगवेगळे व्हायरस पकडून एकाच कामाला लावले.

काही तुकडे प्रोटीन बनवत नाहीत, पण शेजारच्या जीनचं बटण म्हणून काम करतात. २०१६ मधला एक प्रयोग बघा. मानवी पेशींतून असा एक तुकडा कापून काढला, तर संसर्गाची चाहूल घेणारा शेजारचा जीन नीट चालूच होईना. म्हणजे व्हायरसशी लढायच्या यंत्रणेतलं एक बटण खुद्द व्हायरसनेच दिलेलं आहे.

हे आजही चालू आहे का?

हो, ऑस्ट्रेलियातल्या कोआलांमध्ये. तिथे एक रेट्रोव्हायरस संसर्गानेही पसरतोय आणि वारशानेही. उत्तरेकडच्या कोआलांमध्ये तो डीएनएमध्ये बसलाय, दक्षिणेकडे अजून सगळीकडे पोचलेला नाही. कोआलांना त्यामुळे ब्लड कॅन्सर होतात. सिन्सिटिन वाचून व्हायरस आपले मित्र वाटायला लागले असतील, तर सुरुवातीचा काळ असाही असतो.

माणसाला छळणारा आजचा रेट्रोव्हायरस म्हणजे एचआयव्ही. त्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात भोसरीला १९९२ पासून आहे. एचआयव्हीसुद्धा डीएनएमध्ये पेस्ट होतो. म्हणूनच औषधाने रक्तातला व्हायरस दिसेनासा झाला, तरी गोळ्या थांबवता येत नाहीत. पेशीत लपलेला कोड पुन्हा चालू होऊ शकतो.

पण इथे एक गैरसमज काढायलाच हवा. ‘त्यांच्या घराण्यातच एचआयव्ही आहे’ असं बोललं जातं, त्यावरून लग्नं मोडतात. एचआयव्ही प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींमध्ये पेस्ट होतो. तो मानवी डीएनएच्या वारशात शिरल्याचं आजवर दिसलेलं नाही. आईकडून बाळाला होतो तो संसर्ग, तोही गरोदरपणात, बाळंतपणात किंवा दुधातून. काहीच उपचार नसतील तर ही शक्यता १५ ते ४५ टक्के असते, योग्य औषधांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. ही औषधं सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात आणि माहितीसाठी १०९७ हा टोल फ्री नंबर आहे. आई-वडील एचआयव्हीसोबत जगत असतील आणि मुलाची टेस्ट निगेटिव्ह असेल, तर त्या मुलात ‘घराण्याचा’ एचआयव्ही नसतो. त्याच्या डीएनएमध्ये असतो तो तुमच्या-माझ्यासारखाच ६० एमबीचा जुना व्हायरस.