पुसण्याची किंमत

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "सर, माणसाच्या स्मृतीचं राहू द्या, माझा मोबाइल भरत आला की मंद का होतो? थोडी जागा तर शिल्लक असते!" प्रश्न वाटतो तितका साधा नाही. म्हणून आज तोच घेऊ.

मोबाइलमध्ये, पेन ड्राइव्हमध्ये, लॅपटॉपच्या एसएसडीमध्ये जी स्मृती असते तिला फ्लॅश म्हणतात. तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात शोधली. आज सगळीकडे दिसणारा तिचा नॅन्ड हा प्रकार १९८७ साली जगापुढे आला. यात काही फिरत नाही, आवाज नाही. पण तिचा एक विचित्र नियम आहे.

वर्गातला फळा डोळ्यांसमोर आणा. अट अशी, की लिहिलेल्या ओळीवर पुन्हा लिहायचं नाही आणि एकच ओळ पुसायचीही नाही. पुसायचा तर अख्खा फळा! फ्लॅशचं असंच आहे. लिहायचं ते एकेका पेजवर. पेज म्हणजे काही किलोबाइट. पुसायचं मात्र ब्लॉकच्या हिशोबानं, आणि एका ब्लॉकमध्ये शेकडो पेजेस असतात. वाचायला काही दहा मायक्रोसेकंद पुरतात, लिहायला शेकडो लागतात, पुसायला तर काही मिलिसेकंद. शिवाय प्रत्येक पुसण्यागणिक फळा झिजतो. एका पेशीत एकच बिट ठेवणारी फ्लॅश साधारण लाख वेळा पुसणं सोसते. तीन बिट ठेवणारी स्वस्त फ्लॅश साधारण एक ते तीन हजार वेळा.

मग तुम्ही फाइलमधला एक शब्द बदलता तेव्हा काय होतं? आतला कंट्रोलर नवी प्रत दुसऱ्या कोऱ्या पेजवर लिहितो आणि आपल्या नोंदवहीत जुनं पेज रद्द धरतो. नाव तेच, ठिकाण नवं.

अशी रद्द पानं साचत जातात. कोरी पानं संपत आली की कंट्रोलर एक ब्लॉक निवडतो, त्यातली कामाची पानं दुसरीकडे उतरवून घेतो आणि मग ब्लॉक पुसतो. आता हिशोब बघा. ब्लॉकमध्ये २५६ पानं आहेत, त्यातली १९२ कामाची. ती हलवली तर नव्या मजकुराला ६४ पानं मिळाली. म्हणजे तुमची ६४ पानं लिहायला एकूण २५६ पानं लिहावी लागली: चौपट. तेच कामाची पानं ६४ असती, तर तुम्हाला १९२ मिळाली असती आणि गुणोत्तर सुमारे १.३३ वर आलं असतं. डिस्क जितकी भरलेली, तितकी प्रत्येक ब्लॉकमध्ये कामाची पानं जास्त, तितकी ही हमाली जास्त. त्या श्रोत्यांच्या प्रश्नाचं एक मोठं उत्तर इथे आहे. म्हणूनच कारखानदार काही जागा वापरणाऱ्याला न दाखवता राखून ठेवतात, आणि आपणही डिस्क काठोकाठ भरू नये.

दुसरा उपाय वर्गवारीचा. काही मजकूर दर मिनिटाला बदलतो, काही वर्षानुवर्षं तसाच राहतो. दोन्ही एकाच ब्लॉकमध्ये कोंबले, तर चंचलापायी स्थिराला पुनःपुन्हा घर बदलावं लागतं. वेगळे ठेवले, तर चंचलांचा ब्लॉक जवळजवळ सगळाच एकदम रद्द होतो. हलवायला उरतंच काय? तिसरा उपाय रांगेचा. पुसण्याचं काम चालू असताना त्याच चिपवर वाचायची मागणी आली, तर ती खोळंबते. त्यामुळे कित्येक चिपना पुसणं मध्येच थांबवून वाचू देण्याची सोय दिलेली असते.

पण मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून रस आहे तो वेगळ्याच गोष्टीत. कोणतं चंचल, कोणतं स्थिर, हे डिस्कला कळणार कसं? तिला दिसतात फक्त आकडे. हेतू ठाऊक असतो तो वरच्या प्रोग्रॅमला. तुम्ही फाइल काढून टाकली तरी जुन्या पद्धतीत डिस्कला ते कळतच नसे. बिचारी ती निरुपयोगी पानं इमानानं हलवत राही. मग ट्रिम नावाची आज्ञा आली: "ही पानं आता मला नकोत" एवढंच सांगणारी. पुढे २०२० साली एनव्हीएमई मानकात झोन्ड नेमस्पेसेस आल्या. त्यांत कोणता मजकूर कोणत्या विभागात जाईल हे वरचा प्रोग्रॅमच ठरवतो. म्हणजे कार्यक्षमता वाढली ती हात जास्त वेगानं चालले म्हणून नव्हे, तर हेतू कळला म्हणून.

आणि एक सावधगिरी. रद्द म्हणजे पुसलेलं नव्हे! पेन ड्राइव्हवरची फाइल तुम्ही "डिलीट" केलीत तरी तिचा मजकूर आत काही काळ राहू शकतो. आजचे बहुतेक फोन मजकूर कुलूपबंद ठेवतात आणि फॅक्टरी रिसेट केल्यावर किल्लीच नष्ट करतात. साध्या पेन ड्राइव्हला बहुधा असं कुलूप नसतं. तेव्हा आधार कार्डाची प्रत, बँकेचे कागद ज्यावर ठेवले होते तो पेन ड्राइव्ह कुणाला देऊन टाकण्यापूर्वी दोनदा विचार करा. यंत्राला विसरायला लावणं हे आठवायला लावण्यापेक्षा महाग आहे.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.