मोटारीचे मागचे कान

संसारांतील बऱ्याच वस्तु बिघडल्या म्हणजे ओरडून सांगतात. नळ गळतो, दिवा विझतो, दाराची बिजागरी कुरकुरते. परंतु कांहीं वस्तु बिघडल्या म्हणजे गप्प बसतात, आणि त्यांचें हें गप्प बसणें म्हणजे सर्व ठीक असल्याचें लक्षण, असा आपला समज होतो. मोटार मागें घेतांना अडथळ्याची सूचना देणारें यंत्र या दुसऱ्या जातीचें आहे. त्याच्या मौनानें आमच्या घरीं केवढा अनर्थ होऊं पाहत होता, व तें मौन आम्हीं घरच्या घरीं कसें सोडवलें, याची ही हकीकत. ज्यांच्या दारांत मोटार आणि अंगणांत मुलें आहेत अशा वाचकांस ती उपयोगी पडेल, या समजुतीनें लिहीत आहें.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मोटारीस एक खोड लागली. रिव्हर्स गिअर टाकला कीं तीन-चार सेकंद एक लांब, एकसुरी शिटी वाजे आणि मग सारें शांत होई. पूर्वीं अडथळा जवळ येईल तसतशी जलद होत जाणारी टुकटुक आतां मुळींच ऐकूं येईना. आमच्या चिरंजीवांनीं एक-दोन दिवस कुरकुर केली आणि पुढें त्या शिटीची संवय करून घेतली. ती संपेपर्यंत थांबावयाचें व मग मोटार मागें घ्यावयाची, असा त्यांचा परिपाठच पडला. शिटी थांबली म्हणजे वाट मोकळी, हा त्या शांततेचा खोटा अर्थ नकळत मनांत रुजला.

एका रविवारीं सकाळीं मोटार मागें जात असतां करकर असा आवाज झाला. साडेतीन वर्षांचा आमचा नातू पाणी पिण्यासाठीं मिनिटभर आंत आला होता. त्याची तीनचाकी सायकल मात्र बाहेरच होती. पुढचें चाक पार वांकडें झालेली ती सायकल हातांत घेऊन चिरंजीव पायरीवर बराच वेळ बसून राहिले. कोणी कोणास बोललें नाहीं. बोलण्यासारखें होतें तरी काय? नातवास तहान मिनिटभर उशिरां लागली असती तर, हा एकच विचार प्रत्येकाच्या चेहऱ्यावर उमटला होता.

दुसऱ्या दिवशीं एका दुरुस्तीच्या कारखान्यांत चौकशी केली. मोटारीस हातही न लावतां उत्तर मिळालें, “चारही सेन्सर बदलावे लागतील.” मीं विचारलें, “चारही बिघडले आहेत काय?” त्यावर, “एक गेला कीं बाकीचेही जातातच,” असें सांगण्यांत आलें. सारें आयुष्य शाळेंत पदार्थविज्ञान शिकवण्यांत घालवल्यामुळें कारणावांचून सांगितलेलें निदान माझ्या गळीं उतरेना. सूनबाईचें शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचें. ती म्हणाली, “बाबा, चार बदलण्यापूर्वीं कोणता गेला आहे तें तर पाहूं या.”

हे सेन्सर म्हणजे काय, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. मागच्या बंपरांत रुपयाएवढ्या ज्या गोल टिकल्या दिसतात, ते मोटारीचे कान, आणि तेच तिचें तोंडही. प्रत्येक टिकलीच्या मागें दाबविद्युत् गुणाची एक चकती असते. असा पदार्थ दाबला तर त्यांत वीज उत्पन्न होते, आणि त्यास वीज दिली तर तो आकुंचन-प्रसरण पावतो. यांपैकीं पहिला गुण पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखवून दिला. विजेच्या स्पंदानें ही चकती सेकंदास ४० हजार किंवा त्याहून अधिक वेळां थरथरते. मनुष्याच्या कानास सुमारें २० हजारांपलीकडील कंपनें ऐकूं येत नाहींत. म्हणून हा ध्वनि श्राव्यातीत होय. तो अडथळ्यावर आपटून परत आला कीं तीच चकती पुन्हां थरथरते व या वेळीं उलट वीज उत्पन्न करते. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघतें. २० अंश सेल्सिअस तपमानास हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर असतो. अर्थात् एक मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनि सेकंदाच्या सुमारें सहा सहस्रांशांत परत येतो.

ही युक्ति मनुष्यानें काढण्यापूर्वीं वटवाघळांस साधलेली होती. डोळे झांकले तरी तीं अडथळे चुकवतात, परंतु कान बुजवले तर आदळतात, हें स्पॅलान्झानी व झ्यूरीन यांनीं अठराव्या शतकाच्या अखेरीसच दाखवलें होतें. त्यांचा श्राव्यातीत ध्वनि मात्र अमेरिकेंत ग्रिफिन व गॅलम्बोस यांनीं १९४० च्या सुमारास सिद्ध केला. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींस हे मागचे सेन्सर सक्तीचे झाले आहेत. म्हणजे हा केवळ श्रीमंतांच्या मोटारींचा प्रश्न राहिलेला नाहीं.

आतां परीक्षेकडे वळूं. एंजिन बंद ठेवून किल्ली केवळ विजेच्या खुणेपर्यंत फिरवली, हातब्रेक ओढला, चाकांस पुढून-मागून विटा लावल्या आणि मग सूनबाईनें रिव्हर्स गिअर टाकला. एंजिन चालू असतां मोटारीच्या मागें कोणीही जावयाचें नाहीं, हा नियम येथें कसोशीनें पाळावा. प्रथम चारही टिकल्या ओल्या मऊ फडक्यानें पुसल्या; कारण चिखलाचा थर, रंगाचा जाड लेप किंवा हौसेनें चिकटवलेलें चित्र एवढ्यानेंही हे कान बधिर होतात. त्यानें गुण आला नाहीं. मग प्रत्येक टिकलीवर बोट अलगद टेकवून पाहिलें. सेन्सर जिवंत असेल तर आंत घड्याळासारखी बारीक टिकटिक जाणवते. माझ्या सत्तरी उलटलेल्या कानांस ती ऐकूं येईना, पण बोटास कळली. तीन टिकल्या टिकटिकत होत्या. डाव्या कोपऱ्यावरची मात्र निश्चल होती. सर्वच मोटारींची रचना अशी नसते, म्हणून आपल्या मोटारीबरोबर आलेली पुस्तिका आधीं वाचावी.

“म्हणजे एकच गेला,” मी म्हणालों. सूनबाई हंसली. “बाबा, मुका कोण, हें कळलें. तो स्वतः मुका आहे कीं त्यास कोणी बोलूंच देत नाहीं, हें अजून ठरावयाचें आहे.”

तिनें किल्ली काढून घेतली, बंपरखालचे प्लॅस्टिकचे दोन खिळे सोडवून आंत हात घातला, व मुक्या सेन्सरची शेजारच्या चांगल्या सेन्सरशीं अदलाबदल केली. दोहोंवर छापलेला क्रमांक एकच असल्याची खात्री तिनें आधींच करून घेतली होती. या अदलाबदलींत सर्व निदानाचें मर्म आहे. दोष सेन्सरबरोबर नव्या जागीं गेला तर सेन्सर वाईट. दोष जुन्याच जागीं राहिला तर सेन्सर निर्दोष असून अपराध तारेचा, सांध्याचा किंवा नियंत्रक पेटीचा. पुन्हां वीज दिली, तों मुका समजलेला सेन्सर शेजारच्या जागीं खुशाल टिकटिकूं लागला, आणि चांगला होता तो कोपऱ्यांत जातांच मुका झाला! नवे चारही सेन्सर घेतले असते तरी त्या कोपऱ्यांत मौनच राहिलें असतें.

मग तार चाचपीत गेलों. सेन्सरला जोडणाऱ्या सांध्यांत तीन पिना असतात: एक विजेची, एक परतीची व एक संदेशाची. त्यांपैकीं एकीवर हिरवट गंज साचला होता. सांध्याची रबरी कडी जागेवरून सरकली होती व पावसाचें पाणी आंत शिरलें होतें. विजेचे सांधे साफ करण्याचा फवारा मारून जुन्या दांतांच्या ब्रशानें पिना स्वच्छ केल्या, तासभर वाळूं दिल्या, सिलिकोनच्या ग्रीसचें बोट फिरवलें व कडी नीट बसवली. खर्च म्हणाल तर फवाऱ्याचा व ग्रीसचा तेवढा. पुन्हां गिअर टाकला तेव्हां लांब शिटी वाजली नाहीं. चौथी टिकलीही बोटाखालीं धडधडूं लागली.

येथें हकीकत संपली असती, परंतु चिरंजीव म्हणाले, “यास काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, तें आज एकदां पाहूनच घेऊं.” म्हणून चाकांच्या विटा तशाच ठेवून मोटारीमागें आम्ही एकेक वस्तु मांडीत गेलों. पालथ्या बादलीची सूचना दीड मीटरवरून मिळाली. खुर्चीवर घोंगडी पांघरली तेव्हां खुर्ची बरीच जवळ आणावी लागली, कारण लोंकर ध्वनि शोषून घेते. बारीक वेताची काठी तर त्यास दिसलीच नाहीं. शेवटीं ती मोडकी सायकल आणली. मीटरभर अंतरावर टुकटुक झाली. पण ती बंपराच्या अगदीं खालीं सरकवतांच आवाज थांबला. ध्वनि शंकूसारखा पसरतो, आणि त्या शंकूखालीं असलेली ठेंगणी वस्तु त्यास कळत नाहीं. म्हणजे यंत्र धडधाकट असतें तरी त्या रविवारीं तें बोललेंच असतें, असें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. चिरंजीव सायकलीकडे पाहत राहिले, व कांहीं न बोलतां आंत गेले.

घरगुती दुरुस्तीस मर्यादा आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. टिकली टोंकदार वस्तूनें खरवडूं नये. धुतांना जोराचा फवारा जवळून मारूं नये. मोटार जॅकवर उचलून तिच्याखालीं शिरूं नये. मोटारीची हमीची मुदत चालू असेल तर आधीं विक्रेत्याकडे जावें. २००३ सालीं जपानांत टोयोटाच्या प्रियस मोटारींत आपण होऊन सुकाणूं फिरवणारी व्यवस्था आली, व आतां तशा मोटारी आपल्याकडेही दिसतात. ज्या मोटारींत कॅमेरा, रडार व सुकाणूं यांचा असा मेळ घातलेला असतो, तेथें ते भाग पुन्हां अचूक जुळवावे लागतात; तें काम जाणत्याचेंच.

आमच्या घरीं तेव्हांपासून दोन नियम झाले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं टिकल्या पुसून बोटानें त्यांची नाडी पाहावयाची. आणि मोटार मागें घेण्यापूर्वीं, यंत्र बोलो वा न बोलो, एकदां खालीं उतरून मागें फेरी मारावयाची. हा दुसरा नियम चिरंजीवांनीं स्वतः घातला. त्याची आठवण त्यांस कोणी करून द्यावी लागत नाहीं. सायकलीचें चाक आम्हीं सरळ करून घेतलें. तें अजून थोडें लंगडतें. पण नातवाची त्याबद्दल तक्रार नाहीं.