थांबण्याचे कौशल्य

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हाती घेऊन धावणाऱ्या गड्यास ‘रनिंग बॅक’ म्हणतात. चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकणे त्याच्या संघास भाग असते. तेव्हा चेंडू मिळताच त्याने वाऱ्यासारखे सुटावे, असे कोणासही वाटेल. परंतु त्या क्षणी पुढे वाट नसतेच. त्याचे सहकारी प्रतिपक्षास रेटून ती तयार करीत असतात. उतावळा गडी आपल्याच सहकाऱ्याच्या पाठीवर आदळतो.

पिट्सबर्ग स्टीलर्स संघाचा लेव्हिऑन बेल चेंडू घेऊन क्षणभर जवळजवळ उभाच राही. तो कोणीकडे वळणार हे न कळल्यामुळे बचाव करणारा गडी अधीर होऊन एका बाजूस झुके आणि त्याने सोडलेल्या फटीतून बेल निसटून जाई. १५ जानेवारी २०१७ रोजी कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने ३० वेळा धावून १७० यार्ड मिळविले; त्याचा संघ १८-१६ असा जेमतेम जिंकला.

तथापि हे थांबणे गोंधळलेल्या माणसाचे नव्हे. बेलचे पाय थबकत, नजर मात्र वाट शोधीत असे. फट दिसल्यावरही जो रेंगाळतो, तो मागच्या मागेच पकडला जातो आणि संघाचे हाती असलेले अंतरही गमावतो. म्हणून धीर धरणाऱ्यास योग्य क्षणी सर्व वेगाने झेपावताही आले पाहिजे.