ठोकळ्यांपासून कलिंगडापर्यंत

वाचकहो, सकाळी आठच्या सुमारास निशी-कासाईहून तोझाई लाइनने तुम्ही कधी ओतेमाचीकडे गेला असाल, तर पुढचं दृश्य तुमच्या ओळखीचं असेल. डब्यात मुंगीला शिरायला जागा नाही, आणि तरीही देवळाच्या गाभाऱ्यासारखी शांतता! कुणी कुणाशी बोलत नाही. चालू असतात ते फक्त अंगठे. शेजारच्याच्या हातातल्या पडद्याकडे पाहू नये हे आम्हाला कळतं, पण मान वळवायलाच जागा नसली तर दुसरीकडे पाहणार कुठे? टायवाले साहेब रंगीत गोळे जुळवताहेत, शाळकरी पोरगा ठोकळे रचतोय आणि कोपऱ्यातले आजोबा सुडोकूत बुडालेत.

आपल्याकडे याला 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' म्हणतात. आम्हीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण या देशात पंचवीसएक वर्षं काढली, घरात एक लेक वाढवली, आणि मत बदललं. कोड्यांचे हे खेळ सगळे एका माळेचे मणी नाहीत. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, शिकवण निराळी. आम्हाला आवडलेल्या काही खेळांची आज ओळख करून द्यायची आहे, आणि जाता जाता आमची एक चूकही कबूल करायची आहे.

ढकला, पण ओढू नका

पहिला मान 'सोकोबान'चा. या जपानी शब्दाचा अर्थ गोदामाचा राखणदार. हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ साली हा खेळ रचला आणि १९८२ च्या अखेरीस त्यांच्या 'थिंकिंग रॅबिट' कंपनीने तो बाजारात आणला. कंपनी ताकाराझुकाची, म्हणजे सगळ्या भूमिका बायकाच करतात त्या नाटक मंडळीसाठी प्रसिद्ध असलेल्या गावची. नियम दोनच ओळींचे. गोदामातली खोकी ठरलेल्या जागी न्यायची. एका वेळी एकच खोकं ढकलायचं, ओढायचं मात्र नाही. खोकं कोपऱ्यात गेलं की डाव संपला, कारण ते मागे घ्यायची सोयच नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? १९९७ साली कॅनडातल्या जोसेफ कल्बरसन या संशोधकाने सिद्ध केलं, की सोकोबान हे संगणकशास्त्रातल्या अतिशय अवघड कोड्यांच्या वर्गात मोडतं. कुठलीही मांडणी झटपट सोडवून देईल अशी एकच युक्ती आजवर कुणाला सापडलेली नाही. आम्हाला मात्र त्यासाठी सिद्धान्ताची गरज पडली नाही. सहा तातामींच्या खोलीत आधी कपाट घेतलं आणि मग फ्रिजला वाटच उरली नाही, त्या दिवशीच सोकोबान पुरतं कळलं. आधी विचार, मग पाऊल, हा या खेळाचा धडा.

वरून पडणारे

दुसरा प्रकार वरून पडणाऱ्या ठोकळ्यांचा. 'टेट्रिस' कुणाला माहीत नाही? मॉस्कोच्या विज्ञान अकादमीतल्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली तो रचला. प्रत्येकी चार चौकोन जोडून होणारे सात आकार, एवढंच त्याचं भांडवल. पण तो घरोघरी पोचला तो जपानमधून. योकोहामात धंदा करणारे, मूळचे डच असलेले हेंक रॉजर्स १९८९ च्या फेब्रुवारीत पर्यटक म्हणून मॉस्कोला गेले आणि हातातल्या यंत्रावर टेट्रिस आणण्याचे हक्क मिळवून परतले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निन्तेन्दोचा गेम बॉय आला आणि जूनमध्ये त्याच्यावर टेट्रिस. अमेरिकेत तर यंत्राबरोबरच तो देऊ लागले. मग मुलांच्या खेळण्यावर आईबापच हक्क सांगू लागले!

या खेळाला भाषा लागत नाही. कांजीचं एक अक्षर येत नव्हतं, त्या दिवसांत जपानी शेजाऱ्यांच्या घरी आम्ही बरोबरीने करू शकलो अशी गोष्ट हीच. शिवाय त्यात संसाराचं एक मर्म आहे. ओळ पुरी भरली की ती नाहीशी होते आणि चुका तेवढ्या साचत जातात. अगदी स्वयंपाकघरासारखं! केलेलं काम दिसत नाही, राहिलेलं तेवढं डोळ्यांत भरतं. निन्तेन्दोच्या जुन्या टेट्रिसला माणूस शेवटापर्यंत नेऊ शकणार नाही असं बरीच वर्षं वाटत होतं. २०२३ च्या डिसेंबरात ओक्लाहोमातल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने १५७ व्या पातळीवर तो गोठवून दाखवला. यंत्र थकलं, पोरगा नाही!

याच घराण्यातला पण मिस्कील स्वभावाचा खेळ म्हणजे 'पुयो पुयो'. हिरोशिमाच्या 'कम्पाइल' कंपनीने तो १९९१ साली काढला. जेलीसारखे रंगीत गोळे जोडीजोडीने पडतात, एका रंगाचे चार चिकटले की फुटतात. गंमत आहे ती साखळीत. एक फुटला की वरचे खाली येतात, त्यांचे चार जुळतात, तेही फुटतात. साखळी लांबली की समोरच्याच्या अंगणात राखाडी गोळ्यांचा पाऊस पडतो. या गोळ्यांचं नाव 'ओजामा'. कुणाच्या घरात शिरताना आपण 'ओजामा शिमास' म्हणतो ना, तोच हा शब्द. 'तुम्हाला अडथळा करतोय' असं नम्रपणे म्हणत आत जायचं. इथे नम्रता नाही, नुसता अडथळा. लेक साखळी लावून शेवटी 'बायोएन!' असा विजयाचा मंत्र ओरडायची तेव्हा खालच्या मजल्यावर जाऊन आम्हाला खरोखरच ओजामाची माफी मागावी लागे.

चौकटींचा संसार

तिसरा प्रकार शांत माणसांचा. इथे घाई नाही आणि नशीबही नाही. सुडोकू सगळ्यांना जपानी वाटतं, पण त्याचा जन्म अमेरिकेतला. हॉवर्ड गार्न्स या निवृत्त वास्तुरचनाकाराचं ते कोडं १९७९ साली तिथल्या एका मासिकात छापून आलं. १९८४ साली 'निकोली' या जपानी कोडे-प्रकाशकांनी ते उचललं, आणि माकी काजी यांनी नाव दिलं 'सूजी वा दोकुशिन नी कागिरु', म्हणजे 'अंक सडाफटिंगच हवेत'. एका ओळीत तोच अंक पुन्हा जोडीने यायचा नाही, असा त्याचा अर्थ. त्याचंच पुढे आखूड रूप झालं सुडोकू. १९९७ साली हाँगकाँगचे निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांना ते टोकियोतल्या पुस्तकाच्या दुकानात दिसलं. २००४ च्या नोव्हेंबरात त्यांनी ते लंडनच्या 'टाइम्स'मध्ये आणलं, आणि थोड्याच दिवसांत ते आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही शब्दकोड्याच्या शेजारी येऊन बसलं. काजी २०२१ साली वारले.

आम्हाला त्याहून जवळचा वाटतो तो 'पिक्रॉस'. कडेला आकडे दिलेले असतात. ओळीत सलग किती घरं भरायची ते आकड्यांवरून ताडायचं आणि सगळं भरलं की चित्र उमटतं. नोन इशिदा आणि तेत्सुया निशिओ या दोघांनी १९८७ च्या सुमारास एकमेकांच्या नकळत ही कल्पना काढली. १९९५ साली ती 'मारिओज् पिक्रॉस' म्हणून गेम बॉयवर आली. अंदाजाने घर भरलं आणि चुकलं, तर हातची मिनिटं कापली जातात. म्हणजे ठोकून द्यायची सोय नाही.

२००८ च्या उन्हाळ्यात आई नाशिकहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली. जपानी तर सोडाच, तिला इंग्रजीही बेताचंच. लेकीच्या निन्तेन्दो डीएसवरचा पिक्रॉस तिने चष्मा नाकावर सरकवून दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही तर दसुती!" खरंच की! तरुणपणी घरं मोजून तिने टेबलक्लॉथवर मोर काढले होते, ठिपके मोजून अंगणभर रांगोळ्या घातल्या होत्या. तिसऱ्या दिवशी ती नातीच्या पुढे गेली.

भाषेचं कोडं

आता चुकीची गोष्ट. ती आई येण्याच्या आधीची.

२००७ च्या फेब्रुवारीत फुकुओकाच्या 'लेव्हल-५' कंपनीने 'प्रोफेसर लेटन'चा पहिला खेळ काढला. टोपी घातलेले प्रोफेसर एका विचित्र गावात जातात आणि वाटेत भेटेल तो माणूस त्यांना कोडं घालतो, अशी शंभराहून जास्त कोडी. त्यांच्यामागे होते मानसशास्त्राचे प्राध्यापक अकिरा तागो. त्यांच्या 'आतामा नो ताइसो', म्हणजे 'डोक्याचा व्यायाम', या १९६६ पासूनच्या पुस्तकांनी जपानी घरांना कोड्यांचं वेड लावलं होतं.

लेक तेव्हा नऊ वर्षांची. एकदा खेळता खेळता ती खुदकन हसली. आम्ही विचारलं, "काय गं, काय झालं?" तिने जपानीत सुरुवात केली, मग थांबली, मराठी शब्द शोधले, सापडले नाहीत, आणि म्हणाली, "जाऊ दे."

त्या 'जाऊ दे'ने काळजात चर्र झालं. ठोकळ्यांना भाषा लागत नव्हती तोवर आम्ही तिच्या बरोबरीने होतो. इथे कोडं वाचायलाच जपानी हवी, आणि ती वाचण्यात लेक आमच्या कितीतरी पुढे गेली होती. आम्ही खापर फोडलं यंत्रावर. हाच मेला मराठीचा चोर, असं ठरवून डीएस कपाटावर ठेवून दिला. सहा महिने झाले. मराठी वाढली नाही. उलट घर गप्प झालं. शाळा, गृहपाठ, जेवण, झोप. सांगण्यासारखं जे होतं तेच आम्ही काढून घेतलं होतं.

आई आली आणि पहिल्याच आठवड्यात विचारती झाली, "तिचं ते खेळणं कुठाय? मला दाखवू दे की तिला!" कपाटावरून डीएस खाली आला. अट एकच, कोडं आजीला मराठीत सांगायचं. पहिलंच सांगितलं ते तीन लांडगे आणि तीन पिल्लांचं. तराफ्यावरून नदी पार करायची, पण कुठल्याही काठावर लांडगे पिल्लांपेक्षा जास्त झाले की पिल्लं गट्टम! 'पिल्लू' आठवलं, 'तराफा' आठवेना. हातवारे झाले. आजी डोळे बारीक करून ऐकत होती. एकदम म्हणाली, "अगं, हे तर आमचं वाघ, शेळी आणि गवताचं! होडीवाल्याचं!"

लेकीचा चेहरा बघण्यासारखा झाला. प्रोफेसर लेटनचं कोडं नाशिकच्या आजीला आधीपासून ठाऊक?

मग रोज संध्याकाळी बैठक बसू लागली. काही कोडी जपानी अक्षरांवर बेतलेली, ती मराठीत येईचनात. ती सोडून दिली. त्या बदल्यात आजी आपली काढायची. नारळाच्या तीन डोळ्यांचं कोडं घातलं, तर आधी शंकराला तिसरा डोळा कसा, हे सांगावं लागलं. त्या एका कोड्यापायी शंकर, मदन, भस्म असं सगळं आमच्या दिवाणखान्यात येऊन गेलं. आई परत गेल्यावर रविवारच्या फोनवर एक कोडं इकडून, एक तिकडून, असा रिवाज पडला. आईचा आवाज थकेपर्यंत, म्हणजे पुढे सहा वर्षं तो चालला.

लेकीची मराठी शुद्ध झाली असं म्हणणार नाही. अजूनही झाड 'ती' असतं आणि भिंत 'तो'. पण 'जाऊ दे' म्हणणं थांबलं. अशा खेळांनी मेंदू तल्लख होतो असा गाजावाजा मधल्या काळात बराच झाला. त्यावर आमचा फार विश्वास नाही. माणूस जे खेळतो त्यात तरबेज होतो, एवढं खरं. आमच्या घरी उपयोग झाला तो खेळाचा नव्हे, खेळ समजावून सांगण्याचा.

आणि कलिंगड

शेवटचा खेळ अगदी अलीकडचा. छताच्या दिव्यात बसवलेल्या प्रोजेक्टरवर खेळण्यासाठी २०२१ साली काढलेला 'सुइका गेम' २०२३ च्या सप्टेंबरात एकाएकी सगळ्यांच्या तोंडी झाला. सुइका म्हणजे कलिंगड. भांड्यात वरून फळं टाकायची. दोन सारखी फळं भिडली की त्यांचं पुढचं मोठं फळ होतं. चेरी, स्ट्रॉबेरी, द्राक्ष, देकोपोन, काकी, सफरचंद, नाशपाती, पीच, अननस, मेलन आणि शेवटी कलिंगड. फळं खऱ्यासारखी घरंगळतात, म्हणून हिशेब आणि नशीब दोन्ही लागतं.

त्या वर्षी गणपतीत आरतीला उशीर होत होता. हॉलच्या कोपऱ्यात पाच-सहा पोरं एका पडद्याभोवती डोकी घालून बसलेली. त्यांच्यात नागपूरहून लेकाकडे आलेल्या एक आजी. काकी पाहून त्या म्हणाल्या, "हे तर आपल्या तेंदूच्या फळाचं भावंडं दिसतंय." आणि त्यांचं खरं होतं, वनस्पतिशास्त्रात दोन्ही झाडं एकाच कुळीची. इतक्यात मोठं हिरवं फळ उमटलं आणि आजी ओरडल्या, "झालं टरबूज!"

"टरबूज नाही आजी, कलिंगड!" दादरच्या आईबापांचा मुलगा म्हणाला.

"आमच्याकडे टरबूजच म्हणतात रे बाबा."

झालं! टरबूज की कलिंगड, यावर हॉलमध्ये दोन पक्ष पडले. आईबापही सामील झाले. जपानी शाळेत शिकणारी सहा पोरं एका जपानी खेळावरून मराठी शब्दांसाठी भांडत होती, आणि आरती सुरू झाली तरी भांडण मिटलं नव्हतं.

तेव्हा मंडळी, मुलांच्या हातातला खेळ काढून घेण्याआधी एकदा शेजारी बसा आणि 'हे काय, मला सांग' एवढंच म्हणा. तुमच्या घरी कोणते खेळ चालतात तेही कळवा. टरबूज की कलिंगड, याचा निकाल मात्र आमच्याकडे मागू नका. आमच्या घरातच अजून लागायचा आहे.